कुंडातले बुडबुडे काय सांगतात: उन्हवरे ते पुगा

कोकणातल्या कुठल्याही गरम कुंडावर जा, कोणीतरी हमखास सांगतो, "खाली गंधक आहे, म्हणून पाणी तापतं." वास येतोय आणि पाणी चटका देतेय, दोन्ही एकदम समोर असल्यामुळे पहिली गोष्ट दुसरीचे कारण वाटते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. पाणी खोल गेले, तिथे तापले, त्यातला प्राणवायू खडकाने खाऊन टाकला, आणि अशा प्राणवायू नसलेल्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार झाला. कुजक्या अंड्याचा वास त्याचा. आपले नाक या वायूबाबत फारच तिखट असते. हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग असला तरी बहुतेकांना तो कळतो. तेव्हा वासावरून पाण्यात गंधक किती, याचा अंदाज बांधायला जाऊ नये.

दुसरे आवडते उत्तर म्हणजे ज्वालामुखी. सह्याद्रीचा काळा पत्थर लाव्ह्याचाच, हे खरे. पण तो ओतला गेला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि केव्हाच निवला. कोकणातल्या झऱ्यांची उष्णता नुसत्या खोलीची आहे. जमिनीत उतरावे तसे तापमान किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. वर २७ अंश धरले आणि वाढीचा दर ३० धरला, तर १२० अंशांचे पाणी मिळायला तीन किलोमीटरच्या जरा खाली जावे लागते. पावसाचे पाणी भेगाभेगांतून तेवढे उतरते. उतरते सावकाश, म्हणून खडकाइतके तापते. वर येते ते एखाद्या मोकळ्या भेगेतून भराभर, म्हणून वाटेत पुरते निवत नाही. अशी मोकळी भेग जिथे आहे तिथेच झरा. म्हणून हे झरे विखुरलेले नाहीत. पालघरच्या कोकनेरपासून वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, रत्नागिरीतले उन्हवरे, संगमेश्वरचे आरवली, तुरळ, राजवाडी आणि पुढे राजापूरपर्यंत तीनशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात ते सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर आहेत. सर्वांत गरम पाणी सत्तर अंशांच्या आसपास.

पाणी पावसाचेच आहे हे कशावरून? पाण्याच्या काही रेणूंत नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी जड ऑक्सिजन-१८ असतो, काहींत साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम. ढग रिता होताना जड रेणू आधी गळतात, त्यामुळे डोंगर चढावा तसा पाऊस हलका होत जातो. भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये जगभरच्या नद्या, तळी आणि पाऊस यांचे आकडे मांडले तेव्हा ते जवळजवळ एका रेषेवर आले: ड्युटेरियमचा आकडा म्हणजे ऑक्सिजन-१८ च्या आकड्याची ८ पट अधिक १०, दोन्ही आकडे म्हणजे प्रमाण मानलेल्या समुद्राच्या पाण्यापासूनचा फरक, प्रतिहजारमध्ये. कोकणातल्या झऱ्यांचे पाणी या रेषेच्या आसपासच पडते. पाणी खोलात फार तापलेले असेल तर ते रेषेवरून जड ऑक्सिजनच्या बाजूला सरकते, कारण खडकातला ऑक्सिजन पाण्यात अदलाबदलीने येतो. हायड्रोजन मात्र जागचा हलत नाही, कारण खडकात तो नावालाच असतो.

याच आकड्यावरून पाऊस किती उंचीवर पडला हेही काढतात. शंभर मीटरला ऑक्सिजन-१८ साधारण ०.२ ते ०.३ प्रतिहजारने घटतो. झऱ्याचे पाणी तिथल्या पावसापेक्षा २ प्रतिहजारने हलके निघाले, तर दर ०.२५ धरून ते आठशे मीटर वरचे. इथे घोळ होतो तो तुलनेच्या पावसात. जूनचा पाऊस आणि सप्टेंबरचा पाऊस यांचे आकडे वेगळे असतात. एका दिवसाची बाटली भरून तिच्याशी तुलना केली तर डोंगर हवा तेवढा उंच करता येतो. वर्षभराचा पाऊस गोळा करून, पडलेल्या मिलिमीटरच्या प्रमाणात सरासरी काढावी लागते.

आता खारटपणा. कोकणातल्या बहुतेक गरम झऱ्यांत सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड यांचे राज्य असते. समुद्र हाकेच्या अंतरावर, तेव्हा "समुद्राचे पाणी मुरले" हा तर्क लगेच सुचतो. तो तपासायला क्लोराइडला ब्रोमाइडने भागावे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्लोराइड सुमारे १९,३५० मिलिग्रॅम आणि ब्रोमाइड ६७, म्हणजे गुणोत्तर २९० च्या जवळ. झऱ्यात तेवढेच आले तर मीठ समुद्राचे. पण ते काल मुरलेले की खडकात जुने अडकलेले, हे या एका आकड्यावरून कळत नाही. मॅग्नेशियम जास्त बोलके. समुद्रात ते कॅल्शियमच्या तिप्पट असते. गरम खडकातून पाणी गेले की उलट होते: मॅग्नेशियम मातीच्या खनिजांत अडकून लिटरला एक-दोन मिलिग्रॅम उरते आणि खडकातल्या फेल्डस्पार या खनिजातले कॅल्शियम पाण्यात येते. त्यामुळे गरम झऱ्याच्या अहवालात मॅग्नेशियम भरपूर दिसले, तर वरवरचे थंड पाणी मिसळले असे समजावे. हा आकडा पहिल्यांदा पाहावा, बाकीचे नंतर.

बुडबुड्यांकडे लोक पाण्याइतके लक्ष देत नाहीत, आणि खरी माहिती तिथे असते. हवेत उघड्या असलेल्या लिटरभर पाण्यात २५ अंशांना साधारण ११ मिलिलिटर नायट्रोजन, ६ मिलिलिटर प्राणवायू आणि ०.३ मिलिलिटर आर्गॉन विरघळलेला असतो. पाणी बेसाल्टमध्ये आणि त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरले की प्राणवायू लोहखनिजे गंजवण्यात संपतो. नायट्रोजन आणि आर्गॉन यांना खडकात कोणी गिऱ्हाईक नाही. ते तसेच फिरून येतात, वर दाब कमी झाला की बुडबुडे होऊन सुटतात. कोकणातल्या कुंडातला वायू म्हणजे बहुतांशी प्राणवायू काढून घेतलेली हवा. हे पडताळायला नायट्रोजनला आर्गॉनने भागतात. हवेत हे गुणोत्तर ८४ येते. पाण्यात विरघळलेल्या हवेत ते ३८ च्या आसपास असते, कारण आर्गॉन दुपटीहून जास्त विरघळतो. बुडबुड्यांत आकडा या दोहोंच्या मधे आला तर हिशेब जुळला. ८४ च्या खूप वर गेला तर नायट्रोजनचा दुसरा काहीतरी उगम शोधावा, बहुधा गाळाच्या खडकातले सेंद्रिय द्रव्य.

पण त्या उरलेल्या हवेत एक पाहुणा असतो, हेलियम. हवेत तो दहा लाखांत पाचच भाग. बंगालमधल्या बक्रेश्वरच्या झऱ्यांच्या वायूत तो एक टक्क्याहून जास्त सापडतो, म्हणजे हवेच्या दोन हजार पट. हा येतो युरेनियम आणि थोरियममधून. युरेनियम-२३८ चा एक अणू शिसे होईपर्यंत हेलियमचे आठ अणू सोडतो, थोरियम-२३२ चा एक अणू सहा. जुन्या ग्रॅनाइटमध्ये हे काम कोट्यवधी वर्षे चालले आहे, आणि भेगांतून सरकणारे पाणी तो साठलेला हेलियम उचलून आणते. हेलियम जास्त म्हणजे पाणी जुन्या खडकात बराच काळ मुरलेले, इतके सरळ वाचन बहुतेक वेळा चालते.

हिमालयात गेल्यावर चित्र पालटते. लडाखमधली पुगा दरी सुमारे ४,४०० मीटरवर आहे. तिथल्या झऱ्यांचे तापमान ८४ अंशांपर्यंत भरते. आकडा पाहून "कोकणापेक्षा चौदा अंशच जास्त" असे वाटेल. पण त्या उंचीवर पाणी उकळतेच मुळी ८५ अंशांच्या आसपास. म्हणजे पुगाचे पाणी खळखळ उकळत बाहेर पडते आहे, आणि वाफेबरोबर बरीच उष्णता आधीच गेलेली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात तिथे विंधनविहिरी घेतल्या तेव्हा काही शे मीटरच्या आतच सव्वाशे अंशांपलीकडचे पाणी लागले. खालचा मूळ साठा काही हिशेबांनी दोनशे अंशांच्याही वर जातो. इथे नुसती खोली पुरत नाही. भारतीय आणि युरेशियन भूखंडांच्या टकरीने कवच नेहमीच्या दुप्पट जाड झाले आहे, त्यात किरणोत्सारी मूलद्रव्यांची उष्णता कोंडते, आणि खडक ठिकठिकाणी अंशतः वितळलेला आहे.

पुगाच्या जमिनीवर पांढरा थर दिसतो तो बोरॅक्सचा, मधे मधे पिवळे डाग गंधकाचे. बोरॉन गरम पाण्यात खडकातून सहज सुटतो, आणि लडाखच्या कोरड्या हवेत पाणी उडून गेले की बोरॅक्स मागे राहतो. गंधक मात्र पाण्यातून साका धरत नाही. वर येणारा हायड्रोजन सल्फाइड जमिनीच्या तोंडाशी हवेतल्या प्राणवायूला भेटतो आणि अर्धवट जळून गंधक होतो. पुरता जळला तर सल्फ्युरिक आम्ल होते, ते आजूबाजूचा खडक खाऊन पांढरी माती करते.

वायूंत पुगाला वरचष्मा कार्बन डायऑक्साइडचा. हिमालयाच्या पोटात चुनखडी आणि डोलोमाइटचे जाड थर गाडले गेले आहेत. ते तापले आणि शेजारच्या वाळूशी, म्हणजे सिलिकाशी, त्यांची प्रक्रिया झाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो खडकातला की कवचाखालच्या मॅन्टलमधला, हे कार्बन-१३ वरून पाहतात: सागरी चुनखडीचा आकडा शून्य प्रतिहजारच्या आसपास, मॅन्टलचा उणे ६ च्या आसपास, सेंद्रिय द्रव्याचा उणे २५ च्या. अडचण अशी की चुनखडी आणि सेंद्रिय द्रव्य तीनास एक मिसळले तरी बरोबर उणे ६ येते. म्हणून एकट्या कार्बनच्या साक्षीवर "मॅन्टल" म्हणू नये. हेलियमला विचारावे. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांचे हवेतले गुणोत्तर एक एकक धरले, तर मॅन्टलमध्ये ते ८ च्या घरात आणि जुन्या कवचात ०.०२ च्या घरात. चारशे पटींचा फरक, तो भेसळीत लपत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिबेट आणि हिमालयातल्या दोनशेहून अधिक झऱ्यांचे असे आकडे एकत्र मांडले, आणि दक्षिणेकडचे कवचाचे हेलियम कुठे संपते व उत्तरेकडचे मॅन्टलचे कुठे सुरू होते, ती सीमा नकाशावर काढली. भारतीय भूखंड तिबेटखाली कुठपर्यंत सरकला आहे, याचे उत्तर झऱ्यांच्या बुडबुड्यांतून काढलेले आहे. २०१५ च्या गोरखा भूकंपानंतर नेपाळमधल्या काही झऱ्यांजवळ जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड बदलल्याचेही नोंदले गेले. यावरून भूकंपाचे भाकीत करता येईल असे मात्र कोणी समजू नये. बदल भूकंपानंतरचा होता.

आता नमुना घेण्याबद्दल, कारण चुका बहुतेक इथेच होतात. तापमान कुंडात मोजू नका. बांधीव कुंडात पाणी पसरते, निवते, वर लोक आंघोळ करत असतात. बुडबुडे ज्या भेगेतून येतात तिथे थर्मामीटर घाला. पीएच जागेवरच मोजायचा. मीटर ४, ७ आणि १० अशा ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर (बफरवर) जुळवून घ्यायचा आणि इलेक्ट्रोड झऱ्याच्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून त्या तापमानाला आणायचा. कार्बन डायऑक्साइडवाल्या झऱ्यात हे फारच महत्त्वाचे. सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट चुना होऊन बाटलीच्या तळाशी बसते. झऱ्यापाशी चुन्याचे पायऱ्यापायऱ्यांचे थर दिसतात ते याच प्रक्रियेने. बाटलीत तोच थर बसला तर तुमचा अहवाल गेला.

एका झऱ्याच्या किमान चार बाटल्या लागतात. धन आयनांसाठी ०.४५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेले पाणी, त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. ऋण आयनांसाठी गाळलेले पण आम्ल न घातलेले. समस्थानिकांसाठी, म्हणजे जड ऑक्सिजन आणि ड्युटेरियमसाठी, काठोकाठ भरलेली, हवेचा बुडबुडा न राहिलेली छोटी बाटली. सिलिकासाठी १० मिलिलिटर नमुना ९० मिलिलिटर शुद्ध पाण्यात जागच्या जागी मिसळायचा. ही चौथी बाटली घ्यायचे लोक टाळतात. गरम पाणी निवले की सिलिकाचे रेणू एकमेकांना चिकटतात, आणि रंगावर मोजण्याच्या चाचणीत ते दिसत नाहीत. बाटल्या जाड पॉलिथिनच्या घ्या. काचेतून सोडियम आणि सिलिका पाण्यात उतरतात, आणि प्रयोगशाळेच्या बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन. पुगाचा नमुना तसल्या बाटलीत भरणे म्हणजे मोजायचे तेच आपण होऊन मिसळणे.

वायूसाठी उलटे नरसाळे पाण्याखाली धरून बुडबुड्यांवर ठेवतात, नळीतली सगळी हवा झऱ्याच्या वायूने हाकलून लावतात आणि मग दोन तोंडांच्या काचनळीत तो भरतात. कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर भूरसायनशास्त्रज्ञ वेर्नर गिगेनबाख यांची पद्धत वापरतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या पार्वती खोऱ्यातल्या, म्हणजे मणिकरणच्या बाजूच्या झऱ्यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला होता. निर्वात केलेल्या फ्लास्कमध्ये दाट कॉस्टिक सोड्याचे द्रावण असते. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड त्यात विरघळून जातात, आणि वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन, आर्गॉन, हेलियम, मिथेन हे थोडेथोडके वायू मोजण्याइतके साठतात. हेलियमसाठी मात्र काच आणि प्लास्टिक दोन्ही नकोत, दोन्हींतून तो झिरपतो. तांब्याची नळी भरून दोन्ही टोके पक्कडीने चेपून बंद करतात. सिलिकॉनची मऊ नळी हाताला सोयीची, पण तिच्यातून हवा आत येते.

हवा शिरली का, हे प्राणवायू सांगतो. नमुन्यात प्राणवायू २.१ टक्के निघाला, तर हवेत तो २०.९ टक्के असल्याने नमुन्याचा दहावा भाग हवा आहे. त्याबरोबर आलेला ७.८ टक्के नायट्रोजन आणि ०.०९ टक्के आर्गॉन वजा करून मगच गुणोत्तरे काढायची. हवा अर्ध्याहून जास्त निघाली तर वजाबाकी करत बसू नये, नमुना पुन्हा घ्यावा.

पाण्याच्या अहवालाची पहिली परीक्षा म्हणजे विद्युतभारांचा ताळा. समजा लिटरला सोडियम २३०, कॅल्शियम १००, पोटॅशियम ८ आणि मॅग्नेशियम १.२ मिलिग्रॅम आहे. प्रत्येकाला त्याच्या तुल्यभाराने (अणुभार किंवा रेणुभार भागिले विद्युतभार) भागले की १०, ५, ०.२ आणि ०.१, बेरीज १५.३. क्लोराइड ४६०, सल्फेट ७२, बायकार्बोनेट ३० म्हणजे १३, १.५ आणि ०.५, बेरीज १५. फरक ०.३, एकूण ३०.३, म्हणजे एक टक्का. पाच टक्क्यांपर्यंत चालते. धन बाजू भारी निघाली तर बायकार्बोनेट उशिरा मोजल्यामुळे चुना बसून गेला असण्याची शक्यता मोठी. पुगात आणखी एक खोच आहे. बोरेटही आम्ल खातो, म्हणून साध्या टायट्रेशनमध्ये (थेंबथेंब आम्ल घालून मोजताना) तो बायकार्बोनेटच्या खात्यावर जमा होतो.

ताळा जमला की खालचे तापमान काढायला घ्यायचे. पाणी जितके गरम तितकी सिलिका जास्त विरघळते, म्हणून तिच्यावरून ते काढता येते. सिलिकाचे सूत्र: १३०९ ला (५.१९ वजा सिलिकाचा लॉग) ने भागा, आलेल्यातून २७३.१५ वजा करा. सिलिका लिटरला १०० मिलिग्रॅम, लॉग २, उत्तर १३७ अंश. हे क्वार्ट्झ धरून झाले. कमी तापमानाच्या साठ्यात सिलिकाचे प्रमाण बहुधा कॅल्सेडनी, म्हणजे क्वार्ट्झचाच अतिबारीक कणांचा प्रकार, ठरवत असते. तिच्यासाठी १०३२ आणि ४.६९ हे आकडे घेतले की तेच पाणी ११० अंश सांगते. आता या पाण्यात वर येताना तेवढेच थंड, २० मिलिग्रॅम सिलिकाचे पाणी मिसळले असे धरा. सिलिका ६० वर येते आणि क्वार्ट्झचे उत्तरही ११० अंश होते. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेला नमुना "साठा थंड झाला" असे सांगतो तो यामुळे. मे महिन्यातला नमुना भरवशाचा.

सोडियम-पोटॅशियमच्या सूत्रात मिसळण्याचा त्रास कमी, कारण थंड पाण्याने दोन्ही सारखेच पातळ होतात. १२१७ ला (सोडियम भागिले पोटॅशियमचा लॉग अधिक १.४८३) ने भागून २७३.१५ वजा. गुणोत्तर १० आले तर २१७ अंश. पुगासारख्या गरम साठ्याला हे शोभते. कोकणात ते आंधळेपणाने वापरू नये. गंमत म्हणून समुद्राच्या पाण्याचे आकडे, सोडियम १०,७७० आणि पोटॅशियम ३९९, त्यात घालून पाहा. उत्तर येते १४५ अंश. गिरगाव चौपाटीवर पाय बुडवून या सूत्रावर विश्वास ठेवणे कठीण आहे. झऱ्यात जरा समुद्राचे मीठ असले की सूत्र तेच सांगू लागते, आणि "कोकणात १४५ अंशांचा साठा" असा निष्कर्ष निघतो. मॅग्नेशियम आणि ब्रोमाइड आधी पाहायचे ते यासाठी.

जागेवर काम करणाऱ्यांनी दोन वायूंची जाण ठेवावी. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो, खड्ड्यात आणि बंद न्हाणीघरात तळाशी साठतो. कॅमेरूनच्या न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम सुटला तेव्हा सतराशेहून अधिक माणसे दगावली. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण हवेत दहा लाखांत शंभरच्या आसपास गेले की नाकच बधिर होते. वास अचानक थांबला तर तिथून बाहेर पडायचे.

आणि कुंडाचे पाणी औषध म्हणून बाटलीत भरून नेणाऱ्यांसाठी: गरम पाणी ग्रॅनाइटमधून फ्लोराइड सोडवते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅम असावा, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५. पुगात तो याच्या कितीतरी पट असतो, बोरॉन तर त्याहून जास्त. इतर गरम झऱ्यांचाही तपासून घेतल्याशिवाय भरवसा धरू नये. अंगावर घ्यायला हरकत नाही, रोज प्यायला आहे. उकळून फ्लोराइड जात नाही; पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढतच जाते.